तीन बोटांचा घास

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात माझा दातांचा दवाखाना आहे. नावाला दातांचा, खरं म्हणजे खर्ऱ्याचा. बाहेरगावच्या माणसाला सांगायचं तर सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घालायचा, हाताचा जोर लावून घोट घोट घोटायचा आणि मग तो गालात धरून दिवसभर हिंडायचं, याला आमच्याकडे खर्रा म्हणतात. चंद्रपूर घ्या नाहीतर गडचिरोली, खर्रा न खाणारा माणूस मला आणून दाखवा, मी त्याचे दात जन्मभर फुकट साफ करून देते. कंडक्टर खातो, मास्तर खातो, साहेबही खातो. कचेरीत जावं तर समोरचा हनुवटी वर करून बोलतो, कारण खाली केली तर तोंडातलं सगळं टेबलावर सांडेल. हिवाळ्यात इथे नाटकांचा हंगाम असतो, तेव्हा स्टेजवरचा राजासुद्धा विंगेत थुंकून मगच दरबारात येतो. मी चिडते, ओरडते, पन्न्या हिसकावून घेते. लोक हसतात. "मॅडम, तुमी बी ना जी," म्हणतात आणि बाहेर पडल्याबरोबर दुसरी पन्नी सोडतात.

याचं पुढे काय होतं ते मी रोज बघते. गालाची आतली कातडी पांढरी पडते, कडक होते आणि तोंड हळूहळू बंद व्हायला लागतं. आमची साधी परीक्षा असते. आपली तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायची. गेली तर तोंड ठीक. दोन गेली तर धोका. एकच गेलं तर त्या माणसानं पुन्हा कधी भाकरीचा मोठा तुकडा मोडून खाल्ला असं होत नाही. आखडलेलं तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी विचारतं, "मंग गोळी नाई का जी एखादी?"

रविवारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी पोरींना शिकवते. मी स्वतः सिंदेवाहीकडच्या एका धानाच्या गावातली. नागपूरला दातांचं शिकायला गेले तेव्हा वर्गातली मुलं मला विचारायची, तुमच्याकडे वाघ दारात येतो का. मी म्हणायची, येतो, पण तुमच्यापेक्षा बरा वागतो. तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या भागातून आणखी पोरी गेल्या पाहिजेत. जंगलातल्या गावांमधल्या तर गेल्याच पाहिजेत, कारण तिथल्या माणसाच्या तोंडात कुणी बॅटरी मारून बघितलेलं नसतं. हे सगळं बोलायला छान वाटतं. प्रत्यक्षात प्रवेश परीक्षा येते ऐन विडीचं तेंदूपान तोडायच्या दिवसांत. घरची सगळी माणसं पहाटे जंगलात गेलेली असतात, आणि पोरगी अभ्यास करते म्हणून घरी बसली तर शेजारीण विचारते, आजारी हाय का? किती पोरी आल्या आणि किती गेल्या! कुणाचं लग्न झालं, कुणाचं जातीच्या दाखल्याच्या खेपा घालता घालता वर्षच गेलं, कुणी नर्सिंगला गेली. नर्सिंगला गेली तरी मी खूश व्हायचे. आशा लहान ठेवायची सवय लागते.

ती मात्र वेगळी होती. धानोऱ्याच्याही आतलं गाव, घरात गोंडी बोलणारं कुटुंब. अकरावीला इथल्या मुलींच्या वसतिगृहात आली आणि पहिल्याच रविवारी वर्गात न बसता सरळ माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माह्या बाबाचं तोंड उघडत नाई. काऊन उघडत नाई जी?"

मी विचारलं, किती बोटं जातात? तिला काही कळेना. मी तिच्याच तोंडात तिची बोटं घालून दाखवली. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन आली आणि म्हणाली, "एक."

मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, पोरी, ते आता उघडायचं नाही. आहे तेवढं टिकवायचं, खर्रा सोडायला लाव. तिनं मान हलवली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुमच्यानं नाई उघडत, मॅडम. मी शिकीन अन् उघडीन." मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, आधी तुझं फिजिक्स उघड, मग बापाचं तोंड. त्यावर ती खळखळून हसली. खरं सांगते, त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली, आणि बाकीच्या पोरींना ते कळायचं.

तीन बोटांचं तिला वेडच लागलं. वसतिगृहातल्या पोरींची तोंडं मोजली, स्वयंपाकीण बाईचं मोजलं, एसटीत शेजारी बसलेल्या आजीला म्हणाली, आजी, आ करा. वॉर्डननं माझ्याकडे तक्रार केली. मी म्हटलं, तुमचं मोजलं का? त्यांनी तोंडावर पदर घेतला, कारण त्याही खायच्या.

एकदा मी तिच्या गावी गेले होते. बाप उंच, वाळलेला, बोलताना ओठ जेमतेम हलणारा. जंगलातल्या मुळ्यांची त्याला माहिती होती. माझा गुडघा दुखतो हे पोरीकडून कळलं तसा तो उठला आणि मला घेऊन रानात निघाला. मुळी खणायला त्यानं टोकदार केलेली एक लाकडाची काठी घेतली. मी म्हटलं, भाऊ, घरात कुदळ आहे की. त्यानं नकारार्थी हात हलवला. त्याचं बोलणं मला नीट समजेना, म्हणून पोरीनं सांगितलं. "औषधाच्या मुळीले लोखंड लावाचं नाई, मॅडम. लोखंड लागलं का मुळी मरते. मंग तिच्यात गुण राहत नाई." बाप बराच वेळ उकिडवा बसून काठीनं माती उकरत राहिला, आणि पोरगी बोटांनी माती बाजूला सारत राहिली. लहानपणापासून ती हे करत आलेली. मुळीनं गुडघा दुखायचा थांबला नाही, पण ती दुपार मला फार आवडली.

जेवताना तो वेगळा बसायचा. आम्ही भात-भाजी खात होतो आणि तो भाताची पातळ पेज वाटी तिरपी करून ओठांच्या फटीतून ओढत होता. पोरगी त्याच्याकडे बघत नव्हती. तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशी नीट कळलं. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं, दवाखाना काढायचा नव्हता, गावाचं भलंही करायचं नव्हतं. तिला बापानं हातानं भाताचा घास घेऊन खाल्लेला बघायचा होता. त्यासाठी ती प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी नापास झाली तरी पुन्हा बसली, तेंदूपानाच्या दिवसांत आईच्या शिव्या खाऊन बसली, आणि तिला नागपूरला दातांच्या कॉलेजात जागा मिळाली.

गावानं तिला निरोप दिला तेव्हा मला बोलावलं होतं. झाडाखाली सगळे जमले, पोरीला टिळा लावला. नंतर एक म्हातारा माझ्याकडे दोन्ही हातांनी काहीतरी घेऊन आला. पन्नी. "घ्या जी डाक्टरीन बाई, तुमच्यासाठी खास घोटला." अरे देवा! पोरगी दातांची डॉक्टर व्हायला निघाली आणि तिच्या मानाचा खर्रा मला! मी काही बोलणार तेवढ्यात पोरीनं माझा हात दाबला. मी ती पन्नी घेतली आणि पर्समध्ये ठेवली. म्हातारा खूश झाला.

कॉलेजात तिचे हाल झाले, ते मी लांबून ऐकत होते. इंग्रजी समजेना. फोनवर रडायची, मी रागवायची. पण पहिल्या वर्षी मेणाचा दात कोरायचा असतो, त्यात ती सगळ्यांच्या पुढे गेली. तिथून तिचा जम बसला. हळूहळू फोनवर मलाच शिकवायला लागली. "मॅडम, तुमच्या पुस्तकात जुनं आहे, आता असं करत नाहीत." मी वरून दटावायची, आतून सुखावायची. तिसऱ्या वर्षाला पेशंट बघायला लागली. एकदा सहज विचारलं, काय गं, बाबाचं तोंड उघडशील का आता? ती शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "नाही मॅडम. ते परत येत नाही. तुम्ही बरोबर होतात." मला बरोबर असल्याचा कधी इतका त्रास झाला नव्हता.

होळीला ती गावी गेली. मोबाइलची बॅटरी मारून तिनं बापाच्या तोंडात बघितलं. एका बोटाच्या फटीतून काय दिसणार, पण तिला दिसलं. गालाच्या आत जखम, कडा वर आलेल्या, बोट लावलं की घट्ट. गावात आरोग्याची माणसं येऊन गेली होती, कुणाला दिसलं नव्हतं. तिला दिसलं, कारण ती शिकली होती. तिनं मला फोन केला. "मॅडम, मला वाटतं कॅन्सर आहे. माझं चुकत असेल ना?" मी म्हटलं, चुकत असेल तर उत्तमच, पण आजच्या आज निघ आणि त्याला नागपूरला घेऊन जा. मी हे सांगितलं आणि उद्याही हेच सांगेन.

बाप यायला तयार नव्हता. तिनं हातापाया पडून नेलं. कॉलेजातच तपासलं. जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो, त्याशिवाय रोग नक्की कळत नाही. खुर्चीभोवती तिच्याच वर्गातली मुलं उभी होती. सरांनी विचारलं, रुग्णाला सवय काय, कधीपासून. बापाला बोलता येईना, म्हणून मुलीनंच सगळ्यांसमोर इंग्रजीत उत्तरं दिली. खर्रा, लहानपणापासून. तोंड किती उघडतं, एक बोट. मग सरांनी हत्यार घेतलं, आणि बापाचं डोकं कुणीतरी धरायचं होतं, ते हिनं धरलं.

कॅन्सर निघाला. ऑपरेशन व्हायला हवं होतं. सरकारी योजनेत ते बसत होतं, तेव्हा पैशाचं कुणी काही म्हणू नये. पण तारीख मिळेपर्यंत बापाला घरी आणलं, आणि तेवढ्यात जखम भराभर वाढली. वाढणारच होती, ती त्या जातीचीच होती. गाल फुटला. आणि गावाचं एकमत झालं, की लोखंड लागलं.

मी गाडी काढून गेले. अंगणात माणसं बसली होती, आई उंबऱ्यावर. मी आल्याआल्या सुरू झाले. "अहो, लोखंडानं काही पसरत नाही! रोग आधीच होता म्हणून तर तुकडा काढला. आता ऑपरेशन केलं तर निदान काही दिवस तरी..." ज्यानं मला खर्रा दिला होता तोच म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुकडा काढाच्या आंगोदर मानूस हिंडत होता का नाई, बाई?" मी म्हटलं, होता. "मंग?" एवढंच. त्या 'मंग'ला माझ्याकडे लांबलचक उत्तर होतं, आणि ते लांबलचक असल्यामुळेच कुणी ऐकून घेतलं नाही. मी ओरडले, वाटेल ते बोलले. त्यांनी मला चहा दिला.

आई मला काही बोलली नाही. ती पोरीकडे वळून बोलली. "ज्यानं जलमभर मुळीले लोखंड लावलं नाई, त्याच्या तोंडात तूनं लोखंड घातलं."

पोरगी बापाच्या खाटेशी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता ही उसळेल. मला उलट उत्तर देणारी, सरांशी वाद घालणारी पोरगी. ती बापाच्या गालावरच्या माश्या हाकत राहिली. बापानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि हात हलवला, पण तो काय म्हणत होता ते कुणालाच कळलं नाही. ऑपरेशनला तो गेला नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत वारला, सगळं गाव चिखलात असताना.

कॉलेज सुरू झालं, ती गेली नाही. फोन उचलेना. मी कॉलेजात जाऊन भेटले, भांडले, हात जोडले. त्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत वाट बघतो, नंतर वर्ष गेलं. तिला निरोपावर निरोप पाठवले. शेवटी तिचाच फोन आला. "मॅडम, आमच्याकडं नवं खाणं हाय. येता का?" लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाचा नवा तांदूळ निघाला की घरच्या मेलेल्या माणसांना आधी पानावर वाढतात आणि मग घरचे खातात, तो दिवस. मला वाटलं, बोलावते आहे म्हणजे काहीतरी ठरवलं असणार. बापाला घरी नेताना तिनं ठेवलेला पांढरा कोट माझ्या दवाखान्यात पडून होता. तो मी धुऊन, इस्त्री करून सोबत घेतला. वेडी आशा, दुसरं काय.

ती अंगण सारवत होती. कोट बघितला आणि नजर वळवली. मी विषय काढलाच. म्हटलं, तू तिसऱ्या वर्षाची मुलगी आहेस, तुला हे लोखंडाचं खरं वाटतं? मला तोंडावर सांग.

तिनं हात पुसले आणि घडाघडा म्हणून दाखवलं, रोग कसा होतो, कसा पसरतो, तुकडा काढल्यानं का पसरत नाही. सगळं इंग्रजीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. परीक्षेला दिलं असतं तर पहिली आली असती. मग म्हणाली, "मले सगळं पाठ हाय, मॅडम. खरंच हाय ते. पन मी हत्यार हातात घेतलं ना, का मले त्याचं डोस्कं दिसते, माह्या हातात धरलेलं. हात थरथरते. अशा हातानं कोनाच्या तोंडात जाऊ?"

"थरथर जाईल गं. सगळ्यांची जाते."

"मायची नजर नाई जाणार," ती म्हणाली. "माय रोज माह्या हाताकडं पाहते. जेवण वाढलं तरी पाहते."

रोगाचं उत्तर माझ्याकडे होतं, आईच्या नजरेचं नव्हतं. मला रडू फुटलं. तिनं मला पाणी आणून दिलं, कुणा पेशंटला द्यावं तसं.

नव्या तांदळाचा भात झाला होता. घराच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे त्यांचे मेलेले लोक राहतात असं ते मानतात, तिथे आईनं पानं मांडली. आधीच्या पिढ्यांना एकेक घास ठेवला. मग नवऱ्याच्या पानावर भात ठेवायची वेळ आली, तेव्हा तिनं सवयीनं वाटी घेतली आणि पातळ पेज ओतायला लागली. पोरीनं तिचा हात धरला. वाटी बाजूला ठेवली. परातीतला गरम भात घेतला आणि त्याचा घास वळायला लागली. चांगला मोठा घास. वळून झाल्यावर तिनं आपली तीन बोटं एकावर एक त्याच्या शेजारी उभी धरली. घास थोडा कमी भरला. तिनं आणखी भात घेतला, पुन्हा वळला, पुन्हा बोटं लावून बघितली. बरोबर तीन बोटं झाला तेव्हा तो पानावर ठेवला.

आई बघत होती. या वेळी हाताकडे नाही, घासाकडे.

आम्ही जेवायला बसलो. कोट पिशवीत माझ्या मांडीशी होता. मी पुन्हा तोंड उघडलं, म्हटलं, अगं, दिवाळीला अजून वेळ आहे. तिनं माझ्या पानावर भात वाढला.

"आता कॉलेजचं नका काढू जी, मॅडम," ती म्हणाली. "जेवा. तुमचं तोंड चांगलं हाय."